भावासाठी काढलेला नकाशा

घराचा नकाशा काढून घ्यायला कोणी आलं, की सोनिका पराते आधी विचारायची, "घरात झोपणारी माणसं किती?" बाकीचं सगळं त्यावरून ठरतं, असं तिचं म्हणणं. पण कृष्णकांत सर तिच्या लकडगंजातल्या ऑफिसात येऊन बसले, आपल्याला कसलं घर हवंय ते सांगू लागले, तेव्हा तिच्या तोंडून भलताच प्रश्न निघाला.

"सर, कंपाउंडची भिंत किती उंच घ्यायची?"

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. शाळेतून रिटायर झाल्यावर त्यांनी एक लहानशी संस्था काढली होती. जेलमधून सुटणाऱ्या माणसाला पहिले काही महिने टेकायला जागा द्यायची, हे संस्थेचं काम. आणि नेमकी जागाच त्यांच्याकडे नव्हती. आता उमरेड रोडला, जिथे वस्ती विरळ होत जाते तिथे, विणकरांच्या सोसायटीचं बंद पडलेलं शेड त्यांना मिळालं होतं.

"माणूस सुटतो तेव्हा हातात एक पिशवी असते," सर म्हणाले. "घरचे घेत नाहीत. कधी त्याचीच हिंमत होत नाही घरी जायची. मग तो जातो कुठे? ज्यांच्यामुळे आत गेला त्यांच्याकडेच. भिंतीचं नंतर पाहू. आधी आत राहणाऱ्याचं बघ."

सोनिकाने मान हलवली आणि काम घेतलं. घरी मात्र तिने आईला वेगळ्याच शब्दांत सांगितलं. "आई, एक जागा होऊन राहिली. वैभव सुटला की त्याले तिथं ठेवता येईल. आपल्याकडे यायची गरज नाही."

तुळजाबाई तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही. "लवकर होईल ना वं?" एवढंच विचारलं.

वैभव सोनिकाचा धाकटा भाऊ. पराते मूळचे विणकर. वडील बबनराव यांनी घरातला माग विकून लकडगंजातल्या प्लायवूडच्या दुकानात कामाला जायला सुरुवात केली, तेव्हा वैभव शाळेत होता. दुपारी बापाला डबा पोचवायला जायचा आणि तिथेच आरा मशीनच्या मागे बसणाऱ्या पोट्ट्यांत रमायचा. रोशन हा त्यांचा म्होरक्या. वैभवने विशी गाठली, तोवर तो घरी कोणाचं ऐकेनासा झाला होता. एकदा सोनिकाने त्याला आणि रोशनला गच्चीत बसू दिलं नाही, तर त्याने तिचा डावा हात धरून दाराच्या चौकटीवर आपटला. मनगटाचं हाड मोडलं. दवाखान्यात तिने सांगितलं, जिन्यावरून पडली. थंडीत ते मनगट अजून ठणकायचं.

पुढच्याच वर्षी ट्रक खाली करण्यावरून लकडगंजात मारामारी झाली आणि एका हमालाच्या डोक्यात लाकडी दांडकं बसलं. तो दोन दिवसांनी गेला. दांडकं वैभवच्या हातात होतं, हे पाहणारे पुष्कळ होते. मारा म्हणणारा रोशन होता, हे ऐकणारे कोणी पुढे आले नाहीत, आणि वैभवने कोर्टात तोंड उघडलं नाही. दहा वर्षांची शिक्षा झाली. बबनराव त्या धक्क्यातून उठले नाहीत, वर्षभरात गेले.

आणि मग घर शांत झालं. ही गोष्ट सोनिका कधी कोणाजवळ बोलली नाही. आईही बोलली नाही. पण वैभव जेलमध्ये गेल्यावर दोघी पहिल्यांदा दार नुसतं लोटून दुपारी झोपायला लागल्या. मोटरसायकल गल्लीत वळली तरी छातीत धस्स होत नव्हतं. सोनिकाला स्थळं यायची. भावाचं कळलं की परत जायची. पुढे तीही यायची थांबली. तिने त्याचं फार मनाला लावून घेतलं नाही. वर्षातून एक-दोनदा ती वर्धा रोडच्या जेलमध्ये मुलाखतीला जायची, जाळीपलीकडच्या भावाशी तब्येतीपाणी बोलायची आणि बाहेर आली की उसाचा रस पिऊन घरी यायची. शिक्षा संपायला अजून वर्ष-दीड वर्ष आहे, असा तिचा हिशोब होता.

तिने नकाशा काढला तो असा. पुढे एकच मोठं फाटक. भिंत पुरुषभर उंच, वर काचांचे तुकडे. शेडच्या मधोमध सांभाळणाऱ्याची खोली आणि तिच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्यांच्या खोल्या, म्हणजे एका जागी बसून सगळी दारं दिसावीत. प्रत्येक दारात डोळ्याच्या उंचीवर वीतभर काच. कडी बाहेरून. मागच्या बाजूला मोठी खिडकी नाही, उंचावर नुसते झरोके.

सरांनी नकाशा बराच वेळ पाहिला. "जरा बंद-बंद वाटत नाही?"

"सुरक्षित वाटायला पाहिजे ना सर. आजूबाजूचे लोक ओरडतील."

लोक ओरडत होतेच. शेजारच्या प्लॉटवाल्यांनी दोनदा येऊन सांगितलं होतं की आमच्या लेकीबाळी या रस्त्याने जातात. म्हणून सरांनीही जास्त ताणलं नाही. काम सुरू झालं. पहिल्या तीन खोल्या उभ्या राहिल्या, तेव्हा सरांनी तिथे सामानावर लक्ष ठेवायला शालिकराम नावाचा माणूस आणून ठेवला. पारशिवनीकडचा, साठीच्या पुढचा. चौदा वर्षं काढून आलेला. गावात त्याच्या भावकीने त्याला शिवेवरूनच परतवून लावलं होतं. तो कमी बोलायचा, वाळूच्या ढिगाला पाणी मारायचा, सोनिका आली की उठून उभा राहायचा. तरी ती त्याच्याकडे पाठ करून कधी उभी राहिली नाही. टेप लावतानासुद्धा तो कुठे आहे ते ती आधी बघून घ्यायची.

एका सकाळी ती टाइल्सवाल्याशी बोलत होती आणि आईचा फोन आला.

"सोनू." आईचा आवाज अगदी हळू होता, जणू कोणी ऐकेल म्हणून पदराआडून बोलत होती. "घरी ये. तो आला."

"कोण?"

"तोच. सुटला म्हणे. शिक्षेत माफी भेटली. बसला आहे भिंतीपाशी."

सोनिका स्कूटर घेऊन निघाली. वाटेत एकदा सिग्नल हिरवा झाल्यावरही ती उभीच राहिली, मागचे हॉर्न वाजवायला लागले.

वैभव खरंच भिंतीपाशी बसला होता. पिशवी मांडीवर. तिच्या आठवणीतला दांडगा पोट्टा कुठेच नव्हता. केस पुढून गेलेले, गाल आत. ती आली तसा तो ताडकन उभा राहिला आणि हात दोन्ही बाजूंना सरळ सोडले. तो असा एकदम उठला म्हणून ती एक पाऊल मागे सरली. त्यानेही ते पाहिलं.

"ताई," तो म्हणाला, "बसू?"

त्या दिवसापासून तिघांचा एकाच घरात जीव मुठीत धरून वावर सुरू झाला. तुळजाबाईने विळी तांदळाच्या डब्यात पुरली, हातोडी शेजारी नेऊन दिली. सोनिका आईच्या खोलीत झोपू लागली, आणि झोपायच्या आधी दाराला लाकडी पेटी लावायची. पेटी फरशीवर घासल्याचा आवाज बाहेरच्या खोलीत जात असणारच. वैभव काही म्हणायचा नाही. तो फार कमी हलायचा. बंद दारासमोर गेला की नुसता उभा राहायचा, कोणीतरी उघडेल म्हणून. न्हाणीत जायचं तरी विचारायचा, "जाऊ?" आणि आई "जा ना गा" म्हणाली की मगच जायचा. हे सगळं बघून दया यायला हवी होती. सोनिकाला भीतीच वाटायची. इतका गप्प माणूस मनात काय साठवत असेल, ते कोणाला ठाऊक.

आठवडाभराने ती दुपारी लवकर घरी आली तर आई गल्लीत, समोरच्यांच्या पायरीवर बसलेली. डोक्यावर पदर नाही, ऊन तोंडावर.

"आई, इथं काहून बसली?"

"त्यानं मले विचारलं, विळी कुठी ठेवली." तुळजाबाई दाराकडे बघत म्हणाली. "मी सांगितलं, माहीत नाही. मग तो डबे उघडून पाहून राहिला. मी निघून आली वं."

सोनिका दारापाशी गेली. आतून खट, खट असा आवाज येत होता. तिचं मनगट आपोआप पोटाशी गेलं. परत फिरावं, कोणालातरी बोलवावं, असं दहादा मनात आलं. पण बोलावणार कोणाला, आणि काय सांगून? तिने दार ढकललं.

वैभव स्वयंपाकघरात डुगडुगत्या विळीवर बसून वांगी चिरत होता. विळीच्या पात्याला तांदळाची पावडर लागलेली. ती दिसताच त्याने हात वर केले, पाय विळीवरून काढला आणि सरकत मागे भिंतीला टेकला.

"भाजी करत होतो," तो म्हणाला. "आत किचनमध्ये होतो ना दोन वर्षं. आईले म्हटलं, मी करतो." मग थोडं थांबून, खाली बघत, "तुम्ही भिता ते मले समजते ताई. मलेच समजत नाही, मी कसा आहे आता. म्हणून जास्त हलतच नाही."

उरलेली वांगी तिने चिरली. तो पलीकडे बसून लसूण सोलत राहिला आणि आई अंधार पडेपर्यंत घरात आली नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी रोशन आला.

मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी थांबली. पांढरा शर्ट, हातात दोन फोन. आता तो जमिनीचे सौदे करायचा, असं लोक म्हणत. तुळजाबाई दारात कपडे वाळत घालत होती. त्याने वाकून तिच्या पाया पडल्यासारखं केलं.

"काकू, वैभ्या आला म्हणते ना? सांगितलं नाही तुम्ही. आपलाच पोट्टा आहे तो, त्याले घ्यायले मी गाडी पाठवली असती."

सोनिका आत होती. तिने वळून पाहिलं तर वैभव जागेवर नव्हता. न्हाणीचं दार किंचित उघडं होतं. आत तो बादलीमागे उकिडवा बसला होता, दोन्ही गुडघ्यांत डोकं. त्याच्या दातांचा आवाज तिला ऐकू आला. लहानपणी सायकल चोरायला, गच्चीवरून उडी मारायला न भिणारा तिचा भाऊ हाच का, हे तिला कळेना.

"तो घरी नाही," ती बाहेर येऊन म्हणाली.

"नाही का? ठीक आहे." रोशन हसला. "सांगजो त्याले, उद्या-परवा येतो मी. आत राहून तोंड बंद ठेवलं त्यानं, ते विसरलो नाही मी. आता बाहेरही बंद ठेवायचं, आणि माह्यासोबत राहायचं. इतकंच."

तो गेल्यावर तिने न्हाणीचं दार उघडलं. वैभवने मान वर केली. "मी नाही गेलो त्याच्यासोबत तर तो तुम्हाले त्रास देईन," तो म्हणाला. "गेलो तर मी पुन्हा तसाच होईन. ताई, मले कुठं तरी ठेव ना."

कुठे तरी ठेवायची जागा तर तिने स्वतःच्या हाताने आखली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला स्कूटरवर बसवून उमरेड रोडला घेऊन गेली. साऱ्या रस्त्यात त्याने मागची दांडी धरून ठेवली, तिच्या खांद्याला हात लावला नाही. शेडबाहेर उभं राहून तिने कृष्णकांत सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं: भाऊ कोण, त्याने काय केलं, आपण काम कशासाठी घेतलं.

"म्हणजे तू त्याला तुमच्या घरापासून दूर ठेवायला हे घर काढलंस," सर म्हणाले.

"हो सर."

"मला आधी सांगायचं होतंस." त्यांचा आवाज दुखावलेला होता आणि ते त्यांनी लपवलं नाही. "ठेव त्याला. पण शालिकरामला विचार. तो तिथे राहतो, मी नाही."

शालिकराम वाळूच्या ढिगापाशी उभा होता. तिने विचारलं तेव्हा त्याने वैभवकडे एकदा पाहिलं. "राहू द्या जी," तो म्हणाला. "मलेही एकट्याले इथं बरं नाही वाटत."

तिसरी खोली वैभवला दिली. तो उंबऱ्यापाशी गेला आणि थांबला. दारातल्या काचेकडे पाहिलं, बाहेरच्या कडीकडे पाहिलं. आत जाऊन पिशवी ठेवली आणि भिंतीला पाठ लावून बसला, घरी बसायचा तसाच.

सोनिका दोन दिवसांनी आली तेव्हा काचेवर आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं. खाट दारासमोरून उचलून कोपऱ्यात नेली होती. शालिकरामने सांगितलं, पोरगं खोलीत झोपतच नाही. विणकरांनी हातमागासाठी खणलेल्या जुन्या खड्ड्यात, जो अजून बुजवायचा होता, त्यात अंग मुडपून पडते. "तिथून कोणाले दिसत नाही ना," तो म्हणाला. "मीही सुरुवातीले तिथंच पडत होतो. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही."

वैभव त्या वेळी बाहेर विटांना पाणी मारत होता. सोनिका त्याच्या खोलीत गेली. कागद बाजूला केला, दार ओढून घेतलं आणि खाटेवर बसली. वर झरोका, त्यातून आभाळाची एक पट्टी. बाहेर कोण आलं, कोण गेलं, काही कळायला मार्ग नाही. पण बाहेरच्याला मात्र ती पूर्ण दिसणार. कोणीतरी व्हरांड्यातून चालत गेलं आणि काचेवर सावली पडली, तशी तिची पाठ ताठ झाली. मिस्त्री होता. नुसता पुढे निघून गेला. आपण इथे एक आठवडासुद्धा काढू शकणार नाही, हे तिला तिथे बसल्या-बसल्या समजलं. तिने हे घर आपल्या भीतीसाठी बांधलं होतं. आत राहणाऱ्याच्या भीतीला तिने कुठे जागाच ठेवली नव्हती.

संध्याकाळी ती सरांकडे गेली. काचा काढायच्या, कडी आतून घालायची, झरोक्यांच्या जागी खिडक्या, आणि शेडच्या मागच्या भिंतीत थेट बाहेरच्या पडीक जमिनीवर उघडणारं एक दार. "सर, ज्याच्या मागावर कोणी आहे त्याला बाहेर जायचा दुसरा रस्ता पाहिजे. नाहीतर तो झोपणार नाही."

आता घाबरायची पाळी सरांची होती. "आतून कडी लावून कोणी जिवाचं बरंवाईट केलं तर? सुटल्यानंतरचे पहिले दिवस फार वाईट असतात सोनिका. मी एक माणूस असा गमावला आहे."

ती दोन दिवस दुकानं हिंडली आणि आतून लागणारी पण बाहेरून किल्लीने उघडता येणारी कडी शोधून आणली. किल्ली एकच, शालिकरामच्या गळ्यात. सरांनी ती कडी दहा वेळा लावून-उघडून पाहिली. पूर्ण समाधान झालं नाही त्यांचं, पण हो म्हणाले.

मिस्त्रीने मागची भिंत फोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, रोशनने ती जागा हुडकून काढली.

कामगारांना सुट्टी होती. शालिकराम बाजारात गेला होता. सोनिका व्हरांड्यात खिडक्यांची मापं पुन्हा घेत होती आणि वैभव आत फरशी धूत होता. फाटक करकरलं. रोशनसोबत आणखी दोघे होते. ते फाटकापाशीच थांबले. एकाने आतून फाटक लोटून घेतलं.

"काय बांधून राहिली ताई?" रोशन मजेत इकडे-तिकडे बघत म्हणाला. "जेलच बांधलं का दुसरं?"

सोनिकाने रस्त्याकडे पाहिलं. भिंत पुरुषभर उंच होती, तिनेच काढली होती. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतलं काही दिसणार नव्हतं. भिंतीला टेकून मिस्त्रीचं फावडं आणि लोखंडी पहार, सब्बल, ठेवलेली होती. तिला दोन गोष्टींचं भय वाटलं. वैभव बाहेर येईल आणि सब्बल उचलेल. किंवा वैभव बाहेर येईल आणि मान खाली घालून रोशनच्या मोटरसायकलवर बसेल.

"इथं कोणी नाही," ती म्हणाली. "तू जा."

"कोणी नाही तर फरशी कोण धुऊन राहिलं?" रोशन तिच्या अगदी जवळ आला. अत्तराचा वास आला. "ताई, मी तुमच्या घरी कधी हात लावला नाही. काकूंले विचार. आता लावायला लावू नको."

आतून बादली कलंडल्याचा आवाज आला. मग मागच्या बाजूला, फोडलेल्या भिंतीपाशी, विटांचा चुरा खळखळला. रोशन तिला बाजूला सारून आत धावला. आत कोणी नव्हतं. ओल्या फरशीवर पावलं, ती भगदाडापर्यंत गेलेली. त्याने बाहेर डोकावलं. मागे पडीक जमीन, बाभळी, लांबवर कोणी नाही.

परत जाताना त्याने सब्बल उचलून तिन्ही दारांच्या काचा एकेक करून फोडल्या. सोनिका खांबाला धरून उभी होती. "सांगजो त्याले," तो म्हणाला, "पळणारा माणूस मले आवडत नाही."

ते गेल्यावर ती व्हरांड्यातच खाली बसली. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं, की तिला वैभवची काळजी वाटते आहे. आजवर तिच्या मनात त्याच्याबद्दल एकच भय होतं, तो काय करील. आज पहिल्यांदा दुसरं होतं, त्याचं काय होईल. ती स्कूटर घेऊन बाभळींच्या वाटेने हिंडली, हाका मारल्या, टपऱ्यांवर विचारलं. बाजारातून परतलेला शालिकराम पायी रेल्वे लाइनपर्यंत जाऊन आला, आणि रुळांकडे कशाला गेला ते दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. दिवस कलला तरी पत्ता नव्हता. शेवटी आईला सांगायला म्हणून ती घरी गेली.

दार आतून बंद होतं. तिने कडी वाजवली. आईने दार उघडलं, बोट ओठांवर ठेवलं आणि बाजूला झाली. वैभव चुलीजवळ बसून जेवत होता. पाय खरचटलेले, काट्यांनी भरलेले.

तो शहराच्या कडेकडेने चालत आला होता. दारावर त्याने थाप मारली नाही, नुसतं म्हणाला होता, "आई, थोडा वेळ बसू दे. मग जातो." तुळजाबाई आत कडीवर हात ठेवून उभी होती. किती वेळ उभी होती, ते तिलाही सांगता आलं नाही.

"मले वाटलं, उघडलं तर तो मारीन का," ती नंतर सोनिकाला म्हणाली. "हात असा कापत होता. मग म्हटलं, मारलं तर मारलं. माह्यंच लेकरू आहे."

तिने त्याला भात वाढला, पिठलं वाढलं आणि काटे काढायला सुई तापवली. सुई सोनिकाने हातात घेतली. भावाचा पाय मांडीवर घेताना तिचं अंग शहारलं. त्याने पाय जराही हलवला नाही.

"तिथंच जातो मी परत," तो म्हणाला. "इथं राहिलो तर तो इथं येईन. तिथं मागून दार आहे."

सोमवारी कृष्णकांत सर, सोनिका आणि वैभव तक्रार द्यायला पोलिस स्टेशनात गेले. वैभव पायऱ्यांपाशी थांबला, तेव्हा सरांनी त्याला धरून नेलं. फोडलेल्या काचांची, धमकीची तक्रार त्याने स्वतः दिली आणि रोशनचं नाव घेतलं. हे नाव त्याने मोठ्याने पहिल्यांदाच घेतलं होतं. त्यातून फार काही झालं नाही. रोशनला बोलावलं, समज दिली, सोडलं. पण त्यानंतर तो आवारात आला नाही. उमरेड रोडला त्याची मोटरसायकल कधी-कधी हळू झालेली दिसायची. मग त्या दिवशी कोणी एकटं बाहेर पडायचं नाही.

दारांना काचा पुन्हा बसल्या नाहीत. पुढची भिंत सोनिकाने छातीइतकी खाली घेतली. शेजारच्या प्लॉटवाल्यांनी त्यावर भांडण केलं. तिने त्यांना त्या रविवारी काय झालं ते सांगितलं, की उंच भिंतीमुळे आतल्या बाईला कोणी मारलं असतं तरी कोणाला दिसलं नसतं. ते निघून गेले; पटलं का, ते तिला कळलं नाही. दिवाळीनंतर घर पूर्ण झालं. सात माणसं राहायला आली. कडीचा धाक सरांना अजून आहे. रोज सकाळी ते शालिकरामला फोन करून विचारतात, सगळे उठले का.

वैभव तिथे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहिला. मग त्याने आणि शालिकरामने दिघोरीकडे एक खोली घेतली, आणि उमरेड रोडच्या घराची किल्ली दुसऱ्या एकाच्या गळ्यात गेली. वैभव एका मंगल कार्यालयात स्वयंपाक्यांच्या हाताखाली जातो. मारलेल्या हमालाच्या घरी जावं का, हे तो सोनिकाला अधूनमधून विचारतो. ती "जा" म्हणत नाही, "नको"ही म्हणत नाही. अजून गेलेला नाही.

सुट्टी मिळाली की तो घरी जेवायला येतो. परवा आला होता. जेवण झालं आणि भिंतीशी बसल्या-बसल्या त्याला डुलकी लागली. मग तो खाली सरकला, हात उशाला घेतला आणि घोरायला लागला. इतक्या वर्षांत आई आणि सोनिका यांनी त्याला असा झोपलेला पाहिला नव्हता. दोघी दाराशी बसून हळू आवाजात बोलत होत्या.

तेवढ्यात आत फळीवरून ताट पडलं. फरशीवर मोठ्याने वाजलं आणि गोल फिरत राहिलं. वैभव ताडकन उठून बसला. तुळजाबाईने सोनिकाचा हात घट्ट धरला. क्षणभर तिघंही एकमेकांकडे बघत राहिली, डोळे मोठे करून.

"मांजर आहे गा," तुळजाबाई म्हणाली. "झोप."

तो थोडा वेळ स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिला. मग पुन्हा आडवा झाला.